मोठी गाडी घ्या, पण आधी खाली वाकून बघा

कर्जत-खालापुरात हल्ली एक गोष्ट घरोघरी घडते. जमिनीचे पैसे येतात. कुणाची जागा पनवेल-कर्जत रेल्वेत गेलेली असते, कुणी माळाचे प्लॉट पाडून विकलेले असतात. पहिली चर्चा घराच्या स्लॅबची होते, दुसरी गाडीची. पोरगा म्हणतो, फॉर्च्युनर घेऊ. नवी पन्नास लाखांच्या आसपास जाते म्हटल्यावर जुनीचे फोटो मोबाईलवर फिरू लागतात.

घ्या, हौस असावी. तुमचा पैसा आहे. पण जुनी महागडी फोर-बाय-फोर घेणं आणि जुनी बोलेरो घेणं यात फार फरक आहे. बोलेरोत चूक झाली तर वीस-पंचवीस हजारांत निस्तरता येते. इथे एका चुकीत घराच्या रंगाचे, फरशीचे पैसे जातात.

आधी घरात बसून एक प्रश्न विचारा. जुलैमध्ये तुमच्या दारापर्यंत डांबर असतं का?

असेल, तर तुम्हाला चारही चाकं ओढणारी गाडी लागत नाही. नेरळ, कशेळे, खांडस, चौक, खोपोली या रस्त्यांना खड्डे आहेत, पण डांबर आहे. खड्ड्याला उंच गाडी लागते, फोर-बाय-फोर नाही. तीच गाडी फोर-बाय-टू घेतलीत तर काही लाख वाचतात आणि दुरुस्तीच्या चार जागा कमी होतात.

तुमचं घर किंवा शेत चढावर असेल, वाट लाल मातीची असेल, पावसात चाक जागच्या जागी फिरत असेल, किंवा ट्रॉली ओढायची असेल, तर मात्र फोर-बाय-फोर खरोखर उपयोगी आहे. मग घ्या.

एक गोष्ट मुलांना बसवून सांगा. फोर-बाय-फोर गाडीला ओढते, थांबवत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात. दोन टनांची गाडी ओल्या घाटात थांबायला जास्तच जागा घेते. आणि ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर चाळीस लाखांची गाडीही वाहूनच जाते.

आता खर्चाचं बोलू, कारण किंमत एकदाच द्यायची असते आणि खर्च दर महिन्याला.

अशी मोठी डिझेल गाडी आपल्या रस्त्यांवर लिटरला दहाच्या आसपास देते. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर शंभर लिटर डिझेल, म्हणजे नव्वद रुपयांच्या हिशेबाने नऊ हजार रुपये. चार टायर बदलायचे तर साठ-सत्तर हजार सहज जातात. विमा वेगळा. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही नव्या गाडीपेक्षा जास्त पडतं. म्हणून खिशात पंधरा लाख असतील तर गाडी बारा-साडेबाराची बघा. उरलेले पहिल्या वर्षात लागतातच. सगळे पैसे गाडीत घातलेत तर पहिल्या दुरुस्तीला पतपेढीत जावं लागेल.

गाडी कुठली घ्यावी, असं सगळे विचारतात. मी उलटा प्रश्न विचारतो. तुमचा मेकॅनिक कोण?

कर्जत आणि खोपोलीत चांगले कारागीर आहेत. घाटातल्या ट्रकांनी खोपोलीतल्या हातांना भरपूर काम शिकवलंय. पण प्रत्येक हात प्रत्येक गाडीला चालत नाही. जी गाडी तुमचा माणूस उघडू शकतो, जिचे भाग पनवेलहून संध्याकाळच्या आत येतात, ती आपल्याकडे भरवशाची. जिला दर वेळी टोइंगच्या गाडीवर घालून नवी मुंबईला किंवा पुण्याला न्यावं लागतं, ती कितीही चांगली असली तरी आपल्यासाठी भरवशाची नव्हे.

या हिशेबात फॉर्च्युनर पुढे आहे. त्याला कारण इनोव्हा. पहिली फॉर्च्युनर आपल्याकडे २००९ मध्ये आली. तिचं ३ लिटरचं इंजिन आणि तेव्हाच्या इनोव्हाचं अडीच लिटरचं इंजिन एकाच घराण्यातलं. २०१६ च्या शेवटी दुसरी फॉर्च्युनर आली, तिचं इंजिन इनोव्हा क्रिस्टाच्या घराण्यातलं. इनोव्हा तर आपल्याकडे प्रत्येक टॅक्सीवाल्याकडे. त्यामुळे हात बसलेला माणूस मिळतो. पण हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून जुनी फॉर्च्युनरसुद्धा स्वस्त मिळत नाही. कुणी फारच स्वस्त देत असेल तर खूश होऊ नका. का देतोय ते शोधा.

फोर्ड एंडेव्हर गाडी म्हणून दणकट आणि चालवायला सुखाची. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, म्हणून ती त्याच वयाच्या फॉर्च्युनरपेक्षा कमी पैशात मिळते. सर्व्हिस चालू आहे. पण दिवे, काचा, बंपर यांसाठी थांबायची तयारी ठेवा. घरात दुसरी गाडी असेल तर हा सौदा वाईट नाही. महिंद्राची अल्तुरास जी-४ आतून फार सुंदर, पण ती मुळात कोरियाच्या सांगयाँगची रेक्स्टन. २०१८ ला आली, चार वर्षांत बंद झाली. घ्यायचीच असेल तर आधी भागांची चौकशी करा. कमी खपलेल्या आणि बंद पडलेल्या सगळ्याच गाड्यांना हे लागू आहे.

मग येतात लँड रोव्हर, ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज. नवी असताना साठ-सत्तर लाखांची, आता पंधराला. इथेच माणूस फसतो. विकायची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. भाग आजही सत्तर लाखांच्या गाडीच्याच दराने येतो. आणखी एक गैरसमज. लँड रोव्हर २००८ पासून टाटांकडे आहे हे खरं. म्हणून ती टाटाच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होईल असं नाही. तिचं दुकान वेगळं, दर वेगळे.

शिवाय यातल्या बऱ्याच गाड्यांना चारही चाकांना जोर असतो, पण फोर-लो, म्हणजे हळू वेगात जास्त ओढ देणारा गिअर, नसतो. बीएमडब्ल्यूची एक्स-५, ऑडीची क्यू-७, लँड रोव्हरची फ्रीलँडर-२, तिन्हींना नाही. चिखलातून भरलेली गाडी हळूहळू वर काढायची तर फोर-लोच लागतो. नुसत्या हायवेसाठी हवी असेल तर प्रश्न नाही.

गाडी ठरली की बघायला जा. जाताना तुमचा मेकॅनिक बरोबर न्या. त्याला दिवसाचे पैसे द्या, फुकट नेऊ नका. फुकट नेलेला माणूस भिडेखातर गप्प बसतो. शक्य असेल तर सकाळी जा, इंजिन गार असताना. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा प्या, दोन तास थांबा. गार इंजिनाचा आवाज आणि पहिला धूर खरं बोलतो.

हवेचं सस्पेन्शन असलेली गाडी असेल तर ती रात्रभर बंद उभी हवी. सकाळी एक कोपरा खाली बसलेला दिसला तर हवा गळते आहे. हे काम फार महाग पडतं.

मग खाली वाका. खरं तर झोपाच. गोणपाट टाका आणि टॉर्च घेऊन आत जा. वरचा रंग दोन दिवसांत चमकवता येतो, खालचं लपवायला कुणी फारसं जात नाही. लोखंडी चासीला स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून बघा. वरवरचा तांबेरा चालेल. पापुद्रे निघत असतील, भसका आवाज येत असेल, तर उठा आणि घरी या. मुंबईत समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे जास्त सापडतं. चासीला कुठे वेल्डिंग दिसलं तर किंमत न विचारता निघा.

खाली असतानाच मेकॅनिकला पुढच्या-मागच्या डिफ्रन्शियलचा बोल्ट उघडून तेल बघायला सांगा. बोटावर घ्या. काळसर असलं तर जुनं झालंय, बदलता येईल. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. म्हणजे कुणीतरी शनिवार-रविवारी ही गाडी नदीत घालून व्हिडिओ काढलेत आणि तेल बदलायचे कष्ट घेतलेले नाहीत. आपल्याकडच्या नद्यांत असे हौशी खूप येतात. गाडी त्यांची असेपर्यंत मजा त्यांची, नंतर बेअरिंग तुमची.

पुराची गाडी हा याहून मोठा धोका. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण बुडालं. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरात आलिशान गाड्या पाण्यात तरंगताना टीव्हीवर सगळ्यांनी पाहिल्या. मुंबईच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही पावसाळ्यात पाणी भरतं. विमा कंपनी अशी गाडी टोटल लॉस धरून भंगाराच्या लिलावात काढते. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात.

ओळखायची कशी? सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते, कारण धुणारा तिथवर जात नाही. सीट मागे सारा, खालचे बोल्ट बघा. गाडीच्या आत गंज चढायचं कारणच नसतं. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवा. बारीक माती लागते का बघा. फ्यूजच्या डब्यात हिरवट बुरशी दिसते का बघा. आणि दार उघडताच अत्तराचा भपका आला तर तो कशासाठी मारलाय याचा विचार करा.

शेतघरावरच्या गाडीबद्दल वेगळं सांगतो. इथल्या बंगलेवाल्यांच्या गाड्या केअरटेकरमार्फत विकायला निघतात. मीटरवर तीस-चाळीस हजारच असतात. लोक म्हणतात, चाललीच नाही, नवी आहे. पण महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी चांगली असतेच असं नाही. बॅटरी मरते, टायर एकाच जागी दबतात, रबरं कडक होतात, आणि उंदीर वायरी कुरतडतात. शेजारी भातशेती असेल तर उंदीर नक्की. बॉनेटखाली वायरींवर काळी चिकटपट्टी जागोजागी दिसली तर विचारा कशाला लावली.

मीटरवर तर नुसता विश्वास ठेवूच नका, ते मागे फिरवता येतं. ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं चामडं चकाकतंय आणि मीटर पस्तीस हजार, असं जमत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबरवर जुनी नोंद सापडते. मालकाला घेऊन जा आणि ती मागा. टायरवरच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. काचांवरही वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल, तर तिथे काय झालं होतं ते विचारा.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर खूश होऊ नका. बल्ब काढलेला असू शकतो. चाव्या दोन मागा. अशा गाड्यांची नवी चावी हजारांत जाते, शेकड्यात नाही. मेकॅनिककडे स्कॅनर असेल तर लावायला सांगा. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला हजार-दोन हजार देऊन बोलवा.

आता चालवून बघा. सरळ रस्त्यावर दोन किलोमीटर नाही. खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढवा, एसी लावून, घरची चार माणसं बसवून. तापमानाचा काटा जागचा हलता कामा नये. गिअर बदलताना झटका नको. देवाला नाणं टाका, आणि उतरताना ब्रेक कसे लागतात, स्टिअरिंग थरथरतं का, ते बघा. नेरळहून माथेरानच्या दस्तुरीपर्यंतचा चढही चांगला. दस्तुरीच्या पुढे गाड्यांना बंदी आहे, तिथूनच फिरावं लागतं. त्या वळणांवर हळू वेगातली ओढ लगेच कळते.

फोर-बाय-फोर तपासायला मात्र डांबर सोडा. कोरड्या डांबरावर फोर-लो टाकून वळवलीत तर गाडीच्याच आतल्या जोडांवर ताण येतो. खडीच्या किंवा मातीच्या मोकळ्या जागेत जा. गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये फोर-लो टाका. दिवा लुकलुकत राहिला तर तो नीट लागत नाही. लागल्यावर हळू चढवा, थांबा, मागे घ्या. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. चाकातून टकटक आली तर सांधे गेलेत. कित्येक मालकांनी हे बटण पाच वर्षांत एकदाही दाबलेलं नसतं. मागे ‘४ बाय ४’ चिकटवलंय यावर जाऊ नका, ते स्टिकर बाजारात मिळतं. आत बटण किंवा दांडा आहे का आणि कागदावर मॉडेल काय लिहिलंय, तेवढंच खरं.

बीएस-६ डिझेल, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची गाडी घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. हिच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. लांबच्या प्रवासात ती काजळी आपोआप जळते. तुमचं सगळं फिरणं घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर असेल तर ती तुंबते. महिन्यातून एक-दोनदा एक्सप्रेसवेला फेरी मारावी लागेल. ते जमणार नसेल तर पेट्रोलची गाडी बघा.

कागद सातबारा बघता तसे बघा. नाव कुणाचं, बोजा कुणाचा, मधले फेरफार किती. परिवहन खात्याच्या वेबसाइटवर नंबर टाकला की कर्ज, विमा, थकलेले ई-चलान दिसतात. चासीवर कोरलेला नंबर स्वतः वाचा, आरसीशी आकडा-आकडा जुळवा. घासल्याची खूण दिसली तर बोलणंच थांबवा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० घ्या, आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. मधला एजंट असेल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला ते लागतं. पैसे बँकेतून द्या, बयाणासुद्धा. आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच खात्यात.

दिल्लीच्या स्वस्त गाडीचा मोह सगळ्यांना पडतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून कोर्टाची बंधनं आली, पुढे त्यात फेरफारही होत राहिले, आणि त्या गाड्या बाहेर निघू लागल्या. काही खरंच चांगल्या असतात. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, इथला कर, नवा नंबर हे सगळं किमतीत धरा. आपल्याकडे वैयक्तिक डिझेल गाडीला किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, पण सुटत नाही. आणि दिल्लीला जाऊन गोणपाटावर कोण झोपणार, तेही ठरवा.

घेतल्यावर ३० दिवसांत नाव लावून घ्या. आपल्या तालुक्यांचं काम पनवेलच्या कार्यालयात होतं. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच, तुम्हाला मिळत नाही, म्हणून हप्ता वाढेल. विम्यात इंजिन प्रोटेक्शन घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारली तर इंजिन जातं आणि साधा विमा त्याचे पैसे देत नाही.

तुमची आधीची बोलेरो मेव्हण्याला दिली असेल तर तिचंही नाव बदला. नात्यात हे राहून जातं. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि फास्टॅग. जुन्या मालकाला त्याचा बंद करायला सांगा आणि तुमच्या नावाचा नवा लावा. नाहीतर खालापूर टोलवरून तुम्ही जाल आणि पैसे त्याचे कापले जातील. मग एक दिवस वैतागून तो बंद करेल, आणि तुम्ही तेव्हा नेमके रांगेत असाल, मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत.